फुलांची तोंडं

१

ह्यांना लकवा झाला, त्यानंतर आमच्या घरात फुलं यायला लागली.

त्याआधी फुलं म्हणजे देवापुढचा झेंडू, नाहीतर दसऱ्याची तोरणं. फुलदाणी होती, पण ती शोकेसमध्ये, तिच्यात प्लॅस्टिकचे गुलाब. हे पलटणीतून सुभेदार म्हणून रिटायर झाले, मग साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीचं बघायचे. एका सकाळी दाढी करता करता आरशासमोरच खाली बसले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एकच शब्द शिल्लक राहिला. ‘व्हय.’

"चहा देऊ?"

"व्हय."

"नको असंल तर राहू दे."

"व्हय."

"आणि मी कोण, तुमची मावशी का?"

"व्हय," असं म्हणून डोळ्यांनी हसायचे. म्हणजे समजत सगळं होतं, जिभेला दुसरा शब्द सापडत नव्हता. डॉक्टर म्हणाले, असं होतं, कधीकधी परत येतं बोलणं, कधी नाही. पेशंटची खोली उजेडाची ठेवा, त्यांच्यासमोर काहीतरी ताजं, रंगीत असू द्या.

हे बिरदेवानं ऐकलं. बिरदेव ह्यांचा पुतण्या. आमचं मूळ घर जत तालुक्यातलं, मेंढरं राखणारं. पण हा शिकला आणि आष्ट्याजवळ जमीन खंडानं घेऊन त्यानं पॉलिहाऊस टाकलं, जरबेराचं. त्याचा टेम्पो पुण्याला जाताना साताऱ्यावरूनच जातो. बाजारात न चालणारी, जरा बारकी किंवा दांडी वाकलेली फुलं तो आमच्या दारात टाकायला लागला. लाल, पिवळी, केशरी, बशीएवढी तोंडं असलेली.

"काकू, ह्यास्नी पानी लय घालायचं न्हाई," त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं. "चार बोटं बास. जास्त झालं की दांडी कुजती. रोज पानी बदलायचं, दांडीचं बूड तिरकं कापायचं. चाकूनं, कात्रीनं न्हवं. आन् केळ्याजवळ ठिवू नका, फॅनखाली ठिवू नका."

मला ते काम आवडलं. खरं सांगते, दिवसभर औषधं, मालिश, भांडं देणं-घेणं यात ते एकच काम असं होतं की केल्यावर काहीतरी चांगलं दिसायचं. सकाळी ओट्याशी उभं राहून दांड्या कापायच्या, फुलदाणी आतून धुवायची, नवं पाणी, चिमूटभर साखर, लिंबाचे दोन थेंब. मग हॉलमध्ये ह्यांच्या कॉटच्या पायथ्याशी टीपॉयवर ठेवायची. फुलं खिडकीकडे वाकतात, म्हणून रोज फुलदाणी थोडी फिरवायची, म्हणजे दांड्या सरळ राहतात. हेही बिरदेवानंच सांगितलेलं.

ह्यांची नजर त्या फुलांवर लागलेली असायची. मला बरं वाटायचं.

२

आमच्या हॉलला खिडकी एकच आहे, रस्त्याच्या बाजूला. समोरच्या भिंतीला शोकेस, आणि शोकेस संपते तिथे आतल्या खोलीचं दार. दार आणि शोकेस यांच्या मधे हातभर कोपरा रिकामा राहतो. तिथे पूर्वी ह्यांची छत्री आणि काठी असायची.

एका दुपारी फुलं त्या कोपऱ्याकडे वळलेली दिसली.

मी काही फार मनावर घेतलं नाही. सकाळी फुलदाणी फिरवली होती, तशीच राहिली असतील, असं वाटलं. परत फिरवली, खिडकीकडे तोंडं करून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा सगळी कोपऱ्याकडे. नुसती वाकलेली नव्हती. मान लांब करून आपण एखाद्याकडे बघतो ना, तशी दांडी मानेपाशी वळलेली, आणि तोंडं सगळी एका उंचीवर धरलेली. माणसाच्या छातीएवढ्या.

मी बिरदेवाला फोन लावला.

"फुलं उजेडाकडं वळत्यात, काकू. त्यात काय हाय?"

"आरं पन उजेड तिकडं न्हाई. तिकडं भिंत हाय."

"शोकेसची काच असंल. काचंवरनं उजेड येतो."

हे पटण्यासारखं होतं. मी शोकेसच्या काचेला जुनी चादर लावली. फॅन बंद केला. उकडत होतं, ह्यांना पंख्यानं वारा घालत बसले. संध्याकाळ व्हायच्या आत फुलं पुन्हा तिकडेच.

तेव्हा मला एक गोष्ट लक्षात आली, आणि ती आधी का लक्षात आली नाही याचं नवल वाटलं. मला वाटायचं, हे फुलांकडे बघतात. ह्यांची नजर फुलांवर नव्हतीच. फुलांच्या वरून, त्याच कोपऱ्याकडे होती.

"काय बघताय?" मी विचारलं. "तिथं कोण हाय का?"

"व्हय," हे म्हणाले.

आता व्हय म्हणजे काय धरायचं? मी मावशी का म्हटल्यावरही व्हयच म्हणायचे. मी स्वतःला हसले, चादर काढून घडी घातली आणि स्वयंपाकाला लागले. पण पोळ्या लाटताना पाठ भिंतीकडे करून उभी राहिले, हेही खरं.

३

मी बारावी शिकलेली बाई आहे. नवरा सीमेवर असताना एकटीनं मुलगी वाढवली. भुताखेतांचं मला कधी काही वाटलं नाही. म्हणून मी ठरवलं, हे एकदा नीट तपासून बघू.

नवीन फुलं आली तेव्हा मी दोन वाटे केले. एक फुलदाणी खिडकीत ठेवली, अगदी उन्हात. दुसरी जुन्या जागी, टीपॉयवर. उजेडाचा खेळ असेल तर दोन्ही खिडकीकडे वळतील. वारा असेल तर एका दिशेला वाकतील.

दुपारी मी ह्यांना भरवून आले तेव्हा खिडकीतल्या फुलांनी उन्हाकडे पाठ केली होती. ती आत बघत होती. टीपॉयवरची फुलं त्यांच्याकडे, बाहेरच्या बाजूला बघत होती. दोन्हीकडची तोंडं समोरासमोर, आणि मधे नुसती फरशी. कॉटपासून दोन पावलांवर.

म्हणजे ते कोपऱ्यात नव्हतं आता.

माझे वडील मेंढरं घेऊन फिरायचे. लहानपणी मी त्यांच्याबरोबर माळावर असायची. भर दिवसा, चरता चरता, सगळा कळप एकदम थांबायचा. तोंडातलं गवत तसंच, आणि प्रत्येक मेंढराचं तोंड एकाच झुडपाकडे. झुडपात काही दिसायचं नाही. वडील काठी उचलायचे आणि मला हातानं मागे सारायचे. मला आमच्या हॉलमध्ये उभं राहून ते आठवलं.

मी ह्यांच्या कॉटवर बसले. ह्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. तो हात शाबूत होता, पकड अजून पलटणीतली होती. धरून दोनदा दाबलं. लग्नानंतर जत्रेत, गर्दीत, नातेवाइकांच्या गप्पा लांबल्या की हे असं दोनदा दाबायचे. म्हणजे, चल, निघू या.

"कुठं निघायचं?" मी म्हटलं. "घरातच हाय की आपन."

पुन्हा दोनदा दाबलं.

डॉक्टर म्हणाले होते, जुन्या सवयी हाताला राहतात, त्याचा अर्थ लावत बसू नका.

४

शेजारच्या मदिनाबी दुपारी डबा घेऊन यायच्या. त्यांचा मुलगा ह्यांच्याबरोबर कारखान्यात होता. ह्यांना लकवा झाल्यापासून आठवड्यातून एखाद्या दिवशी तरी त्या मला चूल पेटवू द्यायच्या नाहीत. त्या दिवशी घरात आल्या आणि दारातच थांबल्या.

"अंजनाताई, हे काय मांडलंय?"

घरभर पेले होते. स्टीलचे, काचेचे, एक जुना पितळी तांब्या. प्रत्येकात एकेक जरबेरा. हॉलमध्ये, आतल्या खोलीत, स्वयंपाकघरात, मोरीच्या कट्ट्यावर, पॅसेजमध्ये.

"फुलं लय आली," मी म्हटलं. "फुलदाणीत मावेनात."

त्यांनी डबा ओट्यावर ठेवला. जाताना स्वयंपाकघरातल्या पेल्याकडे बघितलं आणि सहज, एखादी बाई वाकडी तसबीर सरळ करते तसं, फूल बोटानं सरळ केलं. मग हात झटकन मागे घेतला. पदराला पुसला.

"काय झालं?"

"काही नाही. दांडी कडक लागली," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मऊ असेल."

त्यानंतर त्या डबा दारातूनच द्यायला लागल्या.

फूल वळायला वेळ लागतो. त्यामुळे ते आत्ता कुठे आहे हे फुलं सांगत नाहीत, बराच वेळ कुठे होतं ते सांगतात. दुपारी मी घरभर फिरून पेले वाचायची. सकाळी कॉटजवळ. मग पॅसेज. मग स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघरातलं फूल ओट्यासमोर, मी उभी राहते तिथे वळलेलं असायचं. आतल्या खोलीतलं माझ्या अंथरुणाच्या घडीकडे.

फुलं आणणं बंद करावं, असं मनात येऊन गेलं. बिरदेवाला एक फोन केला असता की झालं असतं. पण मग मी त्या घरात वावरले असते, पाणी भरलं असतं, कपडे घड्या केले असते, आणि ते कुठे आहे हे मला कळलं नसतं. तो विचार सहन झाला नाही. मी बिरदेवाला जास्त फुलं टाकायला सांगितलं.

५

प्रांजल आली ती न सांगता. प्रांजल आमची मुलगी, सांगलीजवळ माधवनगरला दिलेली. जावयांचे यंत्रमाग आहेत. मदिनाबींनी तिला फोन केला असणार. तिनं आल्या आल्या घर बघितलं, पेले बघितले, माझ्याकडे बघितलं आणि रडायला लागली.

"आई, तू किती दिवस झोपली नाहीस?"

"झोपते की."

"आरशात बघितलंस स्वतःला?" तिनं एकेक पेला उचलून ओट्यावर नेऊन ठेवायला सुरुवात केली. "बाबांना मी घेऊन जाते. तूपण चल. तिकडे घर मोठं आहे, छकुली आहे, तिच्याबरोबर बाबांचं मन रमेल."

छकुली म्हणजे माझी नात. नुकतीच चालायला लागलेली.

मी तिला सगळं सांगितलं. फुलदाणी फिरवून दाखवली. ती माझ्यासमोर बसून राहिली, माझा हात हातात घेऊन, आणि पुष्कळ वेळानं फुलं वळली तेव्हा म्हणाली, "आई, जरबेरा वळतोच." तिचा आवाज मात्र बारीक झाला होता.

ती आत सामान भरत होती तेव्हा मी ह्यांच्याजवळ गेले. तोंड कानाशी नेलं. मनात जे साचलं होतं ते सगळं एका दमात विचारलं.

"ते तुमास्नी न्यायला आलंय का? प्रांजलकडं जाताय ना तुमी?"

ह्यांचा ओठ हलला. खालचा जबडा एका बाजूला सरकला. कपाळावर घाम आला. इतके महिने नुसतं व्हय म्हणणाऱ्या माणसानं कुठूनतरी खोलातून दुसरा शब्द ओढून काढला.

"न्हाई."

मी खाली फरशीवरच बसले. ह्यांना न्यायला आलं नव्हतं तर! घरात आम्ही दोघंच. हे नाहीत तर मी. आणि ते पेले आठवले. ओट्यासमोर वळलेलं फूल, अंथरुणाकडे वळलेलं. सगळं नीट बसलं. मला भीती वाटली नाही, उलट अंगावरून ओझं उतरल्यासारखं झालं. मी आहे ना, मग हे सुटले. ते माझ्यामागे आहे, तर मी माधवनगरला जायचं नाही. ह्यांच्याजवळ नाही, छकुलीजवळ तर नाहीच.

"तू घेऊन जा ह्यांना," मी प्रांजलला म्हटलं. "मी मागनं येते. मला आठवडाभर नुसतं झोपू दे."

तिला ते पटलं. माझा चेहराच तसा झाला होता.

जावई गाडी घेऊन आले. गाडीत ह्यांना बसवलं तेव्हा ह्यांनी माझा पदर धरला. दोनदा ओढला. पुन्हा दोनदा. मी "येते, येते मागनं" म्हणत होते. मूठ काही सुटेना. शेवटी मी आणि जावयांनी मिळून एकेक बोट उकललं. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि प्रांजल म्हणाली, "बाबा, असं काय करताय, आई येणार आहे ना."

६

आत आले, फुलदाणी भरली आणि समोर खुर्ची टाकून बसले. ये म्हटलं, काय यायचं ते.

झोप लागून गेली. उठले तेव्हा ऊन उतरलं होतं. फुलं खिडकीकडे वळली होती.

मी घरभर फिरले. पेले पुन्हा मांडले. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या खोल्यांत बघितलं. हॉलमधली खिडकीकडे, स्वयंपाकघरातली जाळीच्या झरोक्याकडे, पॅसेजमधली उघड्या दाराकडे. सगळी उजेडाकडे, जशी वळावीत तशी.

मी मोकळेपणानं हसले. चहा केला. कित्येक महिन्यांनी गॅलरीत उभी राहून प्यायले. खाली मदिनाबी वाळवण घालत होत्या, त्यांना हाक मारली. मग आत येऊन फुलदाणी धुवायला घेतली, आणि नळाखाली हात तसाच राहिला.

घरात ते नव्हतं. मी होते, ते नव्हतं.

मी ह्यांना दोन प्रश्न विचारले होते. एका दमात, एकाला लागून एक. हे ‘न्हाई’ म्हणाले ते कशाला? न्यायला आलंय का, याला, की प्रांजलकडं जाताय ना, याला?

फोन वाजला. प्रांजलचा होता. ती हसत होती, रडत होती, मागे छकुलीचा आवाज येत होता.

"आई! बाबा बोलायला लागले!"

७

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीच्या बसमध्ये मी देवाचं नाव घेत होते की डॉक्टरांचं, आठवत नाही. डॉक्टर म्हणालेच होते, कधीकधी बोलणं परत येतं. आलं. जागा बदलली, नात दिसली, जीव लागला. अशा गोष्टी होतात. आष्टा गेलं. उसाच्या फडांवरून ऊन जात होतं. मी मनाशी म्हणत होते, दारात पाऊल टाकीन आणि हे मला ‘अंजे’ म्हणतील. लग्न झाल्यापासून हे मला ‘अंजे’च म्हणत आलेत.

माधवनगरला उतरले. गल्लीत मागांचा खडखडाट चालू होता. प्रांजल दारात उभी, तोंडभर हसत. "ये बघ तर!"

हे खुर्चीत बसले होते. ताठ. दाढी केलेली, शाल पांघरलेली. छकुली मांडीवर. उजवा हात, तो मेलेला उजवा हात, तिच्या डोक्यावरून फिरत होता. सावकाश, बोटं नीट उघडून.

"आलीस अंजना?" आवाज ह्यांचाच होता. "ये. बस. प्रवासात त्रास झाला नाही ना?"

"किती स्वच्छ बोलतात बघ," प्रांजल म्हणाली. "डॉक्टरसुद्धा चाट पडले."

फार स्वच्छ. सगळा जन्म गावाकडचं हाय-न्हाई बोलणारा माणूस. मी खोलीत इकडेतिकडे बघितलं.

बोलणं आलं म्हणून शेजारपाजारचे लोक भेटायला येऊन गेले होते, गुच्छ देऊन गेले होते. एक टीव्हीच्या बाजूला, एक खिडकीत उन्हात, एक पाण्याच्या बाटलीत दाराशी. गुलाब होते, निशिगंध होता, जरबेरा होता. तिन्हीकडची सगळी फुलं खुर्चीकडे तोंड करून होती. निशिगंधाच्या सरळसोट काठ्या कमानीसारख्या वाकल्या होत्या.

ह्यांची नजर मात्र आता कुठल्याच कोपऱ्याकडे नव्हती. माझ्यावर होती. शांत, मायाळू.

मी जवळ गेले. काय करावं न कळून शाल सारखी करायला वाकले, आणि शालीखाली ह्यांचा डावा हात दिसला. खुर्चीचा दांडा धरून होता. इतका घट्ट, की नखं पांढरी पडली होती, शिरा ताणल्या होत्या. वर चेहरा छकुलीला काहीतरी गोड सांगत होता, खाली तो हात पुरात वाहून जाणाऱ्या माणसासारखा दांड्याला धरून होता. त्या चेहऱ्याला त्या हाताची खबर नव्हती.

मी हातावर हात ठेवला. त्यानं दांडा सोडला आणि माझं मनगट धरलं. दोनदा दाबलं.

"काय झालं गं?" चेहऱ्यानं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. मग छकुलीला त्या मांडीवरून उचललं. ती रडायला लागली, तिला तिथेच बसायचं होतं.

८

मी त्याच दिवशी ह्यांना साताऱ्याला आणलं. प्रांजल अजून माझ्याशी नीट बोलत नाही. तिला वाटतं, बाबा माझ्याकडे बरे झाले हे आईला सहन झालं नाही. वाटू दे. ह्यांनी काहीच हरकत घेतली नाही. "तू म्हणशील तसं," म्हणाले, आणि स्वतःच्या पायांनी गाडीत बसले.

मी त्या हातासाठी आणलं. दुपारी चेहरा झोपला की मी कॉटशेजारी बसायची आणि शालीखाली हात घालायची. तो माझी वाट बघत असायचा. दाबायचा. मी त्याच्याशी बोलायची, हळू, कानाशी नाही, हाताशी तोंड नेऊन. माळावरचं, जत्रेतलं, प्रांजल झाली तेव्हा रजा मिळाली नव्हती ते. कधी नुसतं म्हणायची, "चला, निघू या." मग तो जोरात दाबायचा. कुठे निघायचं, ते दोघांनाही माहीत नव्हतं.

पुढे पुढे पकड सैल होत गेली. दोनदाचं एकदा झालं. मग नुसतं बोटांचं हलणं. एका सकाळी मी दांड्या कापत असताना मागून डावा हात आला आणि माझ्या कपाळावरची बट कानामागे सारली. ऊबदार हात होता. नीट, सगळ्यांसारखा. मी हातातला चाकू ओट्यावर ठेवला आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिले.

फुलं अजून येतात. मी पाणी बदलते, दांड्या तिरक्या कापते. फुलदाणी मात्र फिरवत नाही. घरात कुठेही ठेवली तरी फुलांची तोंडं कुठे वळणार, हे मला माहीत आहे.

लोक भेटायला येतात, चमत्कार झाला म्हणतात. मदिनाबी येत नाहीत. रस्त्यात भेटल्या की माझा हात धरून नुसत्या उभ्या राहतात. पूर्वी मी घरच्या माणसाबद्दल बोलताना ‘हे’ म्हणायचे. हे जेवले, हे झोपलेत. हल्ली ‘ते’ म्हणते. ते आत आहेत. ते बरे आहेत आता. ऐकणाऱ्याला त्यात काही वेगळं वाटत नाही.

आज सकाळी ते ओट्याशी येऊन माझ्या मागे उभे राहिले.

"छकुलीला थोडे दिवस इकडे आणायचं का?" त्यांनी विचारलं. "तिला फुलं आवडतात."

"बघू," मी म्हटलं.

"कधीही आण," ते म्हणाले.

मी पुढची दांडी घेतली आणि कापली. ते तिथेच उभे होते. त्यांना कशाचीच घाई नाही.